चौघांची वीस मिनिटं

परवा सकाळी मास्तरीण सलूनसमोरच्या बाकावर बसली ती उठेचना. सलूनवाल्याने तिला पाणी दिलं, वर्तमानपत्राने वारा घातला, आणि तरीही तिचे पाय जागचे हलेनात तेव्हा एका गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर सोडून तो तिच्या घरच्या पडद्यांच्या कारखान्यात सांगायला धावला. तिचे सासरे, अण्णा, त्या वेळी शेजारच्याच औषधाच्या दुकानात होते. तिला बाकावर टेकवून तेच आत गेले होते. बाहेर आले, जमलेली माणसं पाहिली, आणि ऐंशी वर्षांत कधी केला नव्हता असा भित्रेपणा त्यांनी केला. आपणही आत्ताच इथून चाललो होतो अशा चेहऱ्याने त्यांनी विचारलं, "काय झालं?"

मास्तरणीने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती काहीच बोलली नाही. बोलायला दम नव्हता हे एक. दुसरं म्हणजे, आपण बरोबर चालायला जातो हे घरात कोणालाही सांगायचं नाही असं त्यांच्यात ठरलं होतं. तसं ते तिचं चौघांशी ठरलं होतं, प्रत्येकाशी वेगवेगळं.

डॉक्टरांनी तिला दुपारपर्यंत ठेवून घेतलं. रक्त तपासलं, रक्तदाब पाहिला, महिन्यापूर्वीच्या तपासण्यांचे कागद पुन्हा वाचून काढले.

"आजार परत आलेला नाही," ते म्हणाले. "दमल्या आहेत. दोन दिवस पडून राहू द्या, मग नेहमीसारखं."

"पण दमली कशाने?" दादाने, तिच्या नवऱ्याने, विचारलं.

"ते तुम्ही मला सांगायचं. घरात कोण असतं त्यांच्याजवळ?"

घरातले सगळे तिथेच उभे होते. दादा होता, अण्णा होते, धाकटी जाऊ होती, लेक होती. चौघांनी चार दिशांना पाहिलं. डॉक्टरांना वाटलं माणसं घाबरली आहेत, आणि ते काही खोटं नव्हतं.

दोन दिवस मास्तरीण पडून राहिली. आज तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे कापायच्या टेबलाभोवती जमले, कारण चार वाजता तिच्या जागी कापायला बाहेरचा मास्तर येणार होता.

या घरात जे ठरतं ते या टेबलाशी ठरतं. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, कडा घासून गुळगुळीत झालेल्या. पंचवीस वर्षांपूर्वी इथला कटिंग मास्तर गुडघ्याच्या दुखण्याने महिनाभर घरी बसला, तेव्हा नव्या सुनेने गंमत म्हणून कात्री हातात घेतली. महिन्याने तो परत आला तर टेबलाशी ती उभी होती, आणि तिने कापलेल्या पडद्यांची किनार त्याच्याहून सरळ होती. तो अर्धा तास दारात घुटमळला आणि निघून गेला. तेव्हापासून तिला सगळे मास्तरीण म्हणतात. त्या माणसाचा चेहरा गेले वर्षभर तिला सारखा आठवत होता. टेबल एकदा सुटलं की कसं सुटतं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

आता ती टेबलापासून दूर, इस्त्रीजवळच्या स्टुलावर बसली होती. टेबलावर मरून मखमल पसरली होती. नाट्यगृहाचे चौदा पडदे व्हायचे होते, त्यातले सहा झाले होते. धाकटा दीर तिकडे शिडीवर चढून रूळ ठोकत होता आणि रोज विचारत होता की पडदे कधी.

"ठरवायचं काय त्यात?" अण्णांनी सुरुवात केली. "वर्षभर ऑपरेशन, केमो, रेडिएशन. ते संपल्याला नऊ महिने झाले. इतका आराम दिला, कपभर चहा उचलू दिला नाही, तरी ही बाकावरून उठू शकत नाही. म्हणजे हे लांबणीचं दुखणं आहे. टेबल किती दिवस अडवून ठेवायचं?"

"मी अडवलं नाही, अण्णा," मास्तरीण म्हणाली.

"तुला नाही म्हणत मी, सूनबाई."

"मग टेबलाला म्हणताय का?" लेकीने विचारलं. तिला सगळे मुंगी म्हणत. वाचनालयात नोकरी होती तिला, आणि घरात पाऊल ठेवलं की इकडचं तिकडे करत फिरायची.

"मुंगे, गप."

दादा टेप गळ्यात अडकवून खिडकीशी उभा होता. गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन मापं घेणं हे त्याचं काम, आणि लोकांच्या खिडक्या मोजता मोजता त्याला समोरच्याच्या मनातलं ऐकून घ्यायची सवय लागली होती. स्वतःचं मात्र तोंडातून निघत नसे. इतका आराम दिला, हे अण्णांचे शब्द त्याला टोचत होते. आराम कुठला? पाच आठवड्यांपूर्वी हॉस्पिटलच्या व्यायामवाल्या बाईने कागद लिहून दिला होता. रोज वीस मिनिटं चालायचं, आठवड्यातून दोनदा रबरी पट्टीने हातांचा व्यायाम, दर पंधरा दिवसांनी थोडी वाढ. अशाने थकवा कमी होतो म्हणे. अण्णा भडकले होते. दमलेल्या माणसाला आणखी चालवायचं, हे कुठलं शास्त्र, असं म्हणून त्यांनी कागद खडूच्या डब्याखाली सारला होता. आणि दादाने वडिलांच्या तोंडावर मान डोलावली होती.

मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून सहा वाजता, अण्णा उठायच्या आत, तो बायकोला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येऊ लागला. कोणाला सांगू नकोस म्हणाला. पहिले पंधरा दिवस तर तिच्या चेहऱ्यावर तजेलाच आला होता. मग काय बिनसलं त्याला कळेना. ती दिवसेंदिवस ओढल्यासारखी चालू लागली. कागद खरा होता की अण्णा खरे होते? आपण तिला बरं केलं की आजारी पाडलं?

"व्यायामवाल्या बाईंना फोन लावू या," मुंगी म्हणाली.

"तिचा इथे काय संबंध?" अण्णा म्हणाले. "तिचं ऐकलं असतं तर गोष्ट वेगळी. आपण कुठे चालवलं हिला?"

धाकटीने मशीनवरचा दोरा उगाचच काढून पुन्हा ओवला.

"तरी लावू या," दादा म्हणाला.

अण्णांनी मुलाकडे चमकून पाहिलं. बापाच्या 'नाही'नंतर दादाने 'तरी' म्हटल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

मुंगीने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि तो मखमलीवर ठेवला. धाकटीने तो पटकन उचलून खालच्या लाकडावर ठेवला. मखमलीवर डाग पडतो, आणि तिला या कापडाची आधीच धास्ती बसली होती.

"बोला," फोनमधून आवाज आला. "मास्तरीणबाईंच्या घरून ना? कशा आहेत?"

मुंगीने बाकाचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं.

"चक्कर? छातीत दुखलं होतं?"

"नाही," मास्तरीण स्टुलावरून म्हणाली. "पायच नव्हते. म्हणजे होते, पण माझं ऐकत नव्हते."

"आणि सध्या चालणं किती होतं रोज?"

"आमच्याकडे चालत नाहीत," अण्णा टेबलावर वाकून फोनला म्हणाले. "पूर्ण आराम आहे."

"पूर्ण आराम?" बाई गोंधळल्या. "बसून बसून थकवा वाढतो हे खरं. उपचारानंतरचा हा थकवा झोपेने जात नाही, म्हणून तर आम्ही चालायला सांगतो. पण पायच उचलेनात म्हणजे... मला नीट कळत नाहीये. परवा सकाळी काय केलं होतं त्यांनी?"

दादाने गळ्यातला टेप काढला. हाताला गुंडाळला. सोडला.

"मी नेलं होतं तिला," तो म्हणाला. "सहाला. वीस मिनिटं."

"कुठे?" अण्णांनी विचारलं.

"चालायला. रोज नेतो. पाच आठवडे झाले."

"माझ्या पाठीमागे?"

"हो. तुमच्या समोर जमलं नसतं."

अण्णांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण त्यांचा आवाज फुटायच्या आत मुंगीच म्हणाली, "बाबा, तुम्ही? पण मी नेते ना आईला! रोज साडेसहाला, वाचनालयातून आल्यावर!"

"साडेसहाला तर तुम्ही दोघी कपडे आणायला गच्चीवर जाता."

"कपडे आणायला वीस मिनिटं लागतात का, बाबा?"

बापलेक एकमेकांकडे पाहत राहिले. आपलाच माणूस आपल्याच बाजूने चोरून लढत होता हे कळल्यावर हसावं की रडावं ते दोघांनाही सुचेना. मग मुंगी बापाच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि अण्णांच्या समोर आता दोघं झाली.

"चाळीस झाली," फोन म्हणाला. "एकदम चाळीस जास्त होतात, पण बाकावरून उठता येऊ नये इतकी नाहीत. आणखी काही?"

धाकटीने दोऱ्याचं रीळ खाली ठेवलं. आत्ता गप्प बसलं तर चालून गेलं असतं. मास्तरीण तिच्याकडे पाहतसुद्धा नव्हती. ताई आपलं नाव घेणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यामुळेच गप्प बसवेना.

"तीन वाजता मी नेते," ती म्हणाली. "मशीनं बंद असतात तेव्हा. मागच्या रस्त्याने."

"तू?" मुंगी उसळली. "काकू, तू? आई आजारी पडल्यापासून टेबल तुझ्याकडे आहे. तू कशाला नेशील तिला? दमवायला?"

"मुंगे!" मास्तरीण म्हणाली.

"नाही आई, विचारू दे ना मला. घरात सगळेच म्हणतात, हळू आवाजात. हिला टेबल हवंय."

"मला?" धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "मला हे टेबल हवंय? या इकडे. या, बघा."

तिने मखमलीचा ढीग ओढला, दोन पडदे झटकून एकाशेजारी एक पसरले. दिव्याखाली एक गडद मरून दिसत होता आणि दुसरा फिकट, धुऊन विटल्यासारखा. मखमलीला लव असते. ती सगळ्या पडद्यांत एकाच दिशेला ठेवावी लागते, नाहीतर एकाच ताग्याचं कापड दोन रंगांचं दिसतं.

"उलटे कापलेत मी. हा एक आणि असाच आणखी एक. तीन आठवडे झाले, त्या ढिगाच्या तळाशी लपवलेत. कात्री घालायच्या आधी दहा वेळा बघते, तरी चुकतं. मी शिवणारी बाई आहे. शिवण चुकली तर उसवता येते. कापलेलं उसवता येतं का? मी ताईंना रोज नेत होते ते लवकर बऱ्या होऊन इथे उभ्या राहाव्यात म्हणून. रोज तेच सांगत होते, ताई, बऱ्या व्हा, ताई, मला सोडवा." ती मशीनच्या खुर्चीत बसली आणि पदराने नाक पुसलं. "आता म्हणा काय म्हणायचं ते."

मुंगी हळूच काकूकडे गेली आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. अण्णांच्या समोर आता तिघं झाली.

"साठ," फोन म्हणाला.

अण्णा दोन रंगांच्या पडद्यांकडे पाहत होते. खरं सांगायचं तर त्यांना ते दोन्ही सारखेच दिसत होते. गेल्या हिवाळ्यापासून टेबलाचं पलीकडचं टोक त्यांना धुरात असल्यासारखं दिसे. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, सूनबाई सोडून. रस्ता ओलांडताना तिच्या हाताला धरावं लागे, म्हणून सांगावं लागलं. पहिल्या दिवशी, औषध आणायचंय, चल बरोबर, असं म्हणाले होते. घरात आराम म्हणून ओरडणारा माणूस तिला चालायला नेतोय हे कळलं असतं तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. मग रोजच काही ना काही औषध संपायला लागलं. तिला बरं वाटावं म्हणून नेतोय असं ते स्वतःला सांगत. पण तिच्या हाताला धरल्याशिवाय आपल्यालाच कोपऱ्यापर्यंत जाता येत नाही, हे परवा बाकाजवळ तिला तशीच सोडून उभं राहिल्यावर त्यांना नीट कळलं होतं.

सगळे त्यांच्या निकालाची वाट पाहत होते. सूनबाई मात्र खाली इस्त्रीच्या वायरीकडे पाहत होती. ती सांगणार नव्हती. परवाही सांगितलं नव्हतं.

"ऐंशी," अण्णा म्हणाले.

"काय?" दादा म्हणाला.

"ऐंशी मिनिटं. दहा वाजता मी नेतो."

मुंगीला हसू फुटलं, तिने ते दाबलं, आणि दाबलेलं हसू धाकटीच्या नाकातून बाहेर आलं. दादा एकटा हसला नाही.

"मास्तरीणबाई," फोन म्हणाला, "तुम्ही काही बोलला कशा नाहीत? मी तुम्हाला खूण सांगितली होती. चालता चालता बोलता आलं पाहिजे. धाप लागून वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करायचा, थांबायचं. तुम्हाला बोलता येत होतं ना?"

मास्तरणीने विचार केला. खरंच विचार केला, कारण प्रश्न तिला नवा होता.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मला बोलायची पाळीच आली नाही."

आता कोणीच हसलं नाही.

"हे सहाला सुरू करतात, आजार परत आला तर काय करू आणि तुझ्याशिवाय मी कसा राहू. दहाला..." तिने अण्णांकडे पाहिलं आणि ओठावर आलेला शब्द गिळला. "दहाला अण्णांचं असतं. तीनला हिचं, मखमल. संध्याकाळी मुंगी. नोकरी बदलून दुसऱ्या गावी जाऊ की नको."

"दुसऱ्या गावी?" दादा म्हणाला.

"आई!"

"सांगितलं मी. सॉरी. मला आता कोणाचं कोणाला सांगायचं नाही हे लक्षात राहत नाही." मास्तरणीने कपाळावर हात फिरवला. "मी प्रत्येकाला 'हं' म्हणत होते. 'हं' म्हणायला काही दम लागत नाही. तेवढंच येत होतं मला."

"पण अगं, नाही म्हणायचंस," दादा म्हणाला. "सकाळी एकदा झालंय म्हणायचंस."

"कशी म्हणू? दोन वर्षं तुम्ही सगळ्यांनी माझ्या हातातून सगळं काढून घेतलंत. कप काढून घेतला, पिशवी काढून घेतली, कात्री काढून घेतली. मायेनेच घेतलीत, माहीत आहे मला. पण दोन वर्षांनी कोणीतरी येऊन म्हणालं, चल माझ्याबरोबर, तू लागतेस मला. एक नाही, चार जण म्हणाले. मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!" तिचे डोळे भरून आले, आणि तिने ते पुसले नाहीत. "मग पाय जड व्हायला लागले. कागदावर लिहिलं होतं थकवा कमी होईल. माझा वाढत होता. मला वाटलं, परत आलं. तपासणीत दिसत नाहीये, पण आलंय. आणि हे मी कोणाला सांगणार? सहाला ह्यांना तेवढंच नको होतं."

दादा तिच्याजवळ गेला, पण काय करायचं ते न कळून स्टुलाशेजारी नुसता उभा राहिला. पाच आठवडे रोज सकाळी आपण आपल्या भीतीची गाठोडी हिच्या डोक्यावर देत होतो, आणि हिची हिच्याजवळच होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"ऐका," फोनवरचा आवाज मऊ झाला होता. "चूक चालण्याची नाही, बेरजेची आहे. आजपासून रोज एकच फेरी. दहा मिनिटांपासून पुन्हा सुरू. आणि एक गोष्ट कागदावर नव्हती ती आता सांगते. दमल्यावर थांबायचं नाही. दमायच्या आधी थांबायचं. बरं वाटत असताना. सगळ्यात अवघड तेच आहे."

"एकच फेरी?" अण्णा म्हणाले. "मग न्यायचं कोणी?"

"मी नेतो. मी नवरा आहे."

"बाबा, तुम्ही तिला भीती घालता. मी नेईन."

"तू तर गावाला चाललीस ना?"

"दहाची वेळ चांगली, ऊन कोवळं असतं," अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जी काकुळती होती ती एका मास्तरणीलाच कळली.

"बाई," मास्तरीण त्या गलक्यावरून फोनला म्हणाली, "आणि टेबल?"

सगळे थांबले.

"टेबलाचं काय?" फोनने विचारलं.

"उभं राहावं लागतं. मोठी कात्री, उजव्या हाताने. ऑपरेशन त्याच बाजूचं आहे. मला परत उभं राहता येईल की नाही, एवढंच सांगा. नसेल तर तसं सांगा. चारला माणूस येतोय."

"हात खांद्याच्या वर जातो?"

"जातो. पट्टीचा व्यायाम मी चुकवला नाही. तो एकटीने करायचा असतो ना, म्हणून नीट झाला."

"हाताला सूज?"

"नाही."

"मग तोही व्यायामच समजा. सुरुवात पाच मिनिटांपासून, घड्याळ लावून, आणि त्या दिवशीचं चालणं त्यातच धरायचं. आठवड्याने दोन मिनिटं वाढवा. किती महिन्यांनी पूर्ण दिवस उभ्या राहाल ते मी आज सांगू शकत नाही. राहालच असंही सांगू शकत नाही. पण सुरुवात न करता कळणार नाही."

"आज करू?"

"जेवलात? चक्कर नाही? मग पाच मिनिटं. सहावं नको."

फोन बंद झाला. झालं ते चांगलं की वाईट हे ठरवायच्या आत दार वाजलं. पंचेचाळिशीचा एक सडपातळ माणूस उंबऱ्यात उभा होता. हातात स्वतःची कात्री, कापडात गुंडाळलेली. आत येऊन त्याने आधी माणसांकडे नाही, टेबलाकडे पाहिलं, तळहात लाकडावरून फिरवला आणि मखमलीची लव बोटाने उलटी-सुलटी करून पाहिली. जाणकार होता. धाकटीला तो पाहताक्षणी आवडला आणि मास्तरणीला पाहताक्षणी धसका बसला.

"इथले मास्तर कोण?" त्याने विचारलं. "कोणाशी बोलायचं?"

दादाने अण्णांकडे पाहिलं. मुंगीने दादाकडे पाहिलं.

"मी," मास्तरीण स्टुलावरून म्हणाली.

माणसाने तिच्याकडे पाहिलं. केस नुकते कानापर्यंत वाढलेली, गालफडं बसलेली बाई. त्याने पुन्हा अण्णांकडे पाहिलं.

"ऐकलंत ना?" अण्णा म्हणाले. "त्याच."

ती उठली. दादाचा हात पुढे आला होता. तो तिने धरला नाही, पण झिडकारलाही नाही, नुसती त्याच्या बाजूने पुढे गेली. मोठी कात्री खिळ्यावर होती. ती तिने स्वतः काढली. वजन ओळखीचं होतं आणि नव्हतंही. मनगटाला आठवत होतं, खांद्याला आठवायला थोडा वेळ लागला. मुंगीने फोनवर पाच मिनिटं लावली.

"सातवा पडदा," मास्तरीण नव्या माणसाला म्हणाली. "पलीकडचं टोक धरा. लव वरच्या दिशेला. सगळ्या पडद्यांत वरच."

खडूची रेघ धाकटीने आधीच मारून ठेवली होती. मास्तरणीने ती एकदा डोळ्यांनी तपासली, दोन ठिकाणी पुसून पुन्हा मारली, आणि कात्री घातली. पहिल्या हातभर कापडात ती इंच इंच पुढे गेली. मग हाताला वेग आला. मखमल दोन्ही बाजूंना वेगळी होत गेली. कारखान्यात नुसता कात्रीचा आवाज होता, आणि किती दिवसांनी तो असा सलग येत होता. धाकटी डोळे मिटून ऐकत होती. एकदा मास्तरणीने वर पाहिलं तर सगळे तिच्या हाताकडे नाही, तिच्या तोंडाकडे पाहत होते, धाप लागली का म्हणून. तिला हसू आलं.

फोन वाजला. पाच मिनिटं झाली होती, आणि कात्री पडद्याच्या मधोमध होती.

तिला बरं वाटत होतं. खूप बरं वाटत होतं. खांदा मोकळा झाला होता, पाय जागेवर होते. उरलेलं सहज कापून झालं असतं, फार तर आणखी सहा-सात मिनिटं. अण्णांच्या कारखान्यात कापडात घातलेली कात्री टोकाला नेल्याशिवाय कोणी बाहेर काढली नव्हती. तापाने फणफणतानाही तिने स्वतः कधी काढली नव्हती. थांब म्हणायची कोणाची हिंमत नव्हती, आणि थांबू नको म्हणायचीही.

तिने बोटं कात्रीतून सोडवून घेतली. कात्री तिथेच, कापडात, अर्ध्यात राहू दिली.

"इथून पुढे तुम्ही," ती नव्या माणसाला म्हणाली. "रेघेवरच राहा. उद्या मी पुढचा सुरू करेन."

तो मान हलवून पुढे आला.

"सूनबाई," अण्णा म्हणाले, "अर्ध्यात ठेवलीस? दमलीस का गं?"

"नाही, अण्णा," ती म्हणाली. "अजून नाही."

आणि ती बसली.